हनुवटीखालचा हात

देवश्रीनं राधिकाच्या हनुवटीखाली तळहात धरला आणि शब्द सावकाश म्हणायला सांगितलं. हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल, तितके शब्दाचे तुकडे.

"रि-स्पॉन-सि-बि-लि-टी," राधिका म्हणाली. हनुवटी सहा वेळा टेकली. मग देवश्रीनं जोर कुठं द्यायचा तेही सांगितलं. मधल्या 'बि'वर. शब्दाच्या पोटात 'रिस्पॉन्स' हा छोटा शब्द बसलाय, तो ओळखला की भीती संपली. राधिकानं अख्खा शब्द एका दमात म्हटला आणि हसली.

चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या तिच्या आईच्या, अर्चनाच्या, पोटात दुखलं. खोटं कशाला बोला, चांगलंच दुखलं. शनिवारी शाळेत पोरीचं इंग्रजी भाषण होतं आणि ती याच शब्दावर अडत होती. अर्चनानं आठवडाभर तिच्याकडून तो घोकून घेतला, रागावली, ओरडली. शब्द काही सुटला नाही. आणि ही परवा आपल्या समता कॉलोनीत राहायला आलेली कॉलेजातली पोट्टी!

पण शब्दाचं एक वेळ चाललं असतं. तो हात बघवत नव्हता. तीच हनुवटी धरून अर्चनानं बालवाडीपासून रोज सकाळी पोरीचा भांग पाडला होता. दिवाळीनंतर राधिका आपली आपणच वेणी घालायला लागली. आईचा हात लागला की मान काढून घ्यायची. आता मात्र कशी गुपचूप बसली होती.

"देवश्री, चहा थंडा होऊन राहिला," अर्चना ठसक्यात म्हणाली. "तुले कॉलेजचा अभ्यास नाही का?"

देवश्रीनं हात काढला. उभ्या उभ्या चहा घेतला आणि गेली.

राधिकाचं तोंड फुगलं. ती घरातही शाळेतल्यासारखी हिंदीच बोलायची. "मम्मी, आपने दीदी को भगा दिया."

ट्रे खाली ठेवून अर्चना देवश्रीच्या खुर्चीवर बसली.

"मले शिकव ना तो शब्द," ती म्हणाली.

राधिकानं आईच्या हनुवटीखाली तळहात धरला. हात गरम होता, जरासा घामेजलेला.

"बोलो."

आठवडाभर घोकून घेताना तो शब्द अर्चनाला तोंडपाठ झाला होता.

"रि-स्पॉन..." ती म्हणाली आणि थांबली.

"फिर से," राधिका म्हणाली. हात तसाच होता.

अर्चनानं पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच अडकली.