शिवेवरचा धोंडा

सड्याच्या उघड्या कातळावर उभ्या असलेल्या धोंड्यापाशी आल्यावर चौघांनी डोली खाली ठेवली. डोली कसली, घरातली लाकडी खुर्चीच, दोन बांबूंना बांधलेली. तिच्यात सुगंधा, नऊ महिने भरलेली, पदराचा बोळा दातांत धरून. सुईणीने सकाळीच हात टेकले होते. मूल आडवे होते.

"थांबलात कित्याक?" काशीबाईने विचारले. सासू ती. पुढे तीच चालत होती.

चौघांतल्या महादूने धोंड्याकडे मान केली. दीड पुरुष उंच, कोणी उभा केला ते कोणाच्या पणज्यालाही ठाऊक नव्हते. अडलेली बाई शिवेबाहेर न्यायची तर आधी त्याच्यापुढे हात जोडून देवाला गाऱ्हाणे घालायचे, आणि ते गावच्या मानकऱ्याने, गावकराने. गंगाराम गावकर गेला होता जामसंड्याला, यायचा तो संध्याकाळी. आणि मालवणच्या इस्पितळाकडे नेणारी एस.टी. खाली रस्त्यावर तीनला. त्यानंतर मालवणला गाडी नव्हती.

काशीबाईने चौघांना आधी समजावले, मग त्यांच्या बापजाद्यांचा उद्धार केला. ते ऐकून घेत राहिले. वाईट माणसे नव्हती, धोंड्याच्या कोपाला भ्यालेली होती.

"काकी, आमचीय पोरां आसत," महादू म्हणाला.

"मगे हिच्या पोटात काय कोहाळो आसा?"

धोंड्याची सावली सरकत खुर्चीच्या पायाला लागली. सुगंधाला कळ आली, मुठी पांढऱ्या पडल्या, पण आवाज नाही. निघताना काशीबाईनेच बजावले होते, पुरुष माणसे आहेत, तोंडातून शब्द काढायचा नाही.

काशीबाईने वहाणा काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि ती धोंड्यासमोर उभी राहिली. महादू म्हणाला, बाईने घातलेले गाऱ्हाणे चालत नाही. ती म्हणाली, बाईने जन्माला घातलेले गावकर चालतात ना.

"बा देवा म्हाराजा, बायल माणसान तोंड उघडला, तो गुन्हो माझो. हिच्यार ठेव नको. दोन जीव शिवेभायर नेतंव, दोनूय जीव परत आण रे म्हाराजा."

आता कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणायला हवे होते. तो होकार पडल्याशिवाय गाऱ्हाणे पुरे होत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. चौघे आपापल्या पायांकडे बघत राहिले. काशीबाईने जोडलेले हात खाली घेतले नाहीत.

पाठीमागे खुर्ची करकरली. सुगंधाने तोंडातला बोळा काढला.

"व्हय म्हाराजा."

जेमतेम ऐकू आले. काशीबाई वळली नाही.

"मोठ्यान बोल गो," ती म्हणाली.

सुगंधा ओरडली. सड्यावरच्या टिटव्या उठल्या. चौघे बांबूंखाली वाकले.