रामनाथशेठचा पांढरा कोळी

"तानी, पाइप फिरव तिकडं! जास्वंदीवर थेंब जरी पडला ना, तर उद्यापासून घरीच बस!"

रामनाथशेठ बागेत पालथे झोपून कॅमेरा रोखून होते. दिघाशीहून कामाला येणाऱ्या तानीने पाइप तुळशीकडे वळवला. शिमग्यापासून त्या जास्वंदीला पाणी माहीत नव्हतं, कारण तिच्यावर पांढरा कोळी राहत होता. पायांच्या टोकापर्यंत मऊ लव असलेला, गोरागोमटा कोळी. असा कोळी जगात दुसरा नाही असं शेठचं मत होतं, आणि कशेळीत शेठच्या मतापुढे दुसरं मत निघत नसे.

शेठना हा नाद दोन वर्षांपूर्वी लागला. शेतजमीन गोदामाला गेली, बंगला झाला, बंगल्याला बाग झाली, आणि बागेत करायचं काय हे न कळून शेठनी कॅमेरा घेतला. आधी मुंग्या काढल्या, मग नाकतोडे, मग कोळी. 'निसर्गमित्र' ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकली, उगाच दुसऱ्याला तसदी नको. भिंतीपलीकडे त्यांच्याच चोवीस पॉवरलूमची कापडाची शेड दिवसभर खडखडत असे. पण फोटोत आवाज येत नाही, तेवढं एक बरं.

आज ठाण्याहून क्षितिजा येणार होती. ती कोळ्यांवर संशोधन करत होती. तिने नवी जात म्हटलं की कोळ्याला शेठचं नाव लागणार होतं. शेठना मात्र तेवढा दम कुठला! नाक्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स कालच चढला होता. त्यात शेठ मोठे, कोळी लहान, आणि खाली शुभेच्छुक म्हणून सगळे भाचे.

"शेठ, नवऱ्याचं सांगू का जरा?" तानी जवळ येऊन म्हणाली. "रोज खोकून खोकून बेजार होतो. रुई जाते छातीत. शेडमधनं काढून गेटावर ड्युटी द्या ना त्याला."

शेठ उठून बसले. "रुई? आपल्या शेडमध्ये रुई उडतच नाय! तुझा सावळ्या विडी ओढतो, विडी. बारा वर्षं ओढल्यावर छाती बोलणारच. ती सोडायला सांग आधी."

"विडीला हात न्हाय लावत तो, शेठ."

"सगळ्यांच्या बायका हेच सांगतात," शेठ म्हणाले, आणि त्यांनी लेन्स पुसली. तिच्यावरही काहीतरी पांढरं बसलं होतं.

क्षितिजा आली. शेजारीपाजारी जमले. भाविक नावाच्या भाच्याने मोबाइल वर धरून 'लाइव्ह' सुरू केलं. क्षितिजा जास्वंदीसमोर वाकली, भिंगातून बराच वेळ बघत राहिली. शेठनी तेवढ्यात दोनदा केस सारखे केले. मग तिने पिशवीतून बारीक ब्रश काढला, पाण्यात बुडवला आणि कोळ्याच्या एका पायावरून हलकेच फिरवला.

पांढरी लव ब्रशला चिकटून आली. खाली तपकिरी पाय निघाला.

"काका, हा आपला नेहमीचाच कोळी. कुठल्याही बागेत सापडेल." तिने ब्रशवरचा पुंजका दोन बोटांत वळला. त्याचा बारीकसा दोरा झाला. "हे सूत आहे. पलीकडच्या शेडमधून उडून येतंय. पानं बघा, तीही अशीच माखलीत."

कुणीतरी फिसकन हसलं. भाविकला मोबाइल खाली घ्यायचं सुचलंच नाही.

"पण मधी बारा फुटांची भिंत हाय ना!" शेठ कसेबसे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे नाक्यावरचा फ्लेक्स आला.

"भिंतीच्या अल्याड याची ही अवस्था झाली," क्षितिजा म्हणाली. "बिचाऱ्याला श्वास घेणंसुद्धा जड जात असेल."

तानीने पाइप खाली ठेवला. हात पदराला पुसले. जास्वंदीपाशी जाऊन तिने त्या कोळ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"शेठ, मंग ह्यो पन विडी ओढतो का?"