पिंपातली आई

झेलिंदाने शेवटचं पिंप माळ्याच्या खिडकीपाशी उपडं घातलं आणि मनगटाने कपाळ पुसलं. सगळी पिंपं कशी लख्ख! वाळू आणि कढत पाणी. लिवोर्नोच्या बंदरात मासळी खारवायची पिंपं तिची आई अशीच घासायची. या द्राक्षाच्या उतारावर सून होऊन आल्यापासून आज पहिल्यांदाच तिला वाटलं, आपल्यालाही काही येतं.

शिडीवर सासूची पावलं वाजली. कालच पुरुषमाणसांनी चार वर्षं मुरलेली गोड वाईन काढून नेली होती. माळ्यावर टांगून सुकवलेल्या द्राक्षांचा नवा रस खाली वाट बघत होता. आज तो याच पिंपांत भरायचा.

आर्जियाने एका पिंपात नाक घातलं. मग दुसऱ्यात.

"यातलं काय केलंस?"

"तळाचं ते काळं, चिकट? ओतलं की उकिरड्यावर. किती जुनं होतं कोण जाणे!"

"माझ्या आजेसासूच्या वेळचं," आर्जिया म्हणाली. "अगं, आई होती ती."

विरजणाशिवाय दही नाही, तशी तळाच्या त्या साक्याशिवाय ही वाईन नाही. म्हणून तर घरोघर त्याला आई म्हणायचे. झेलिंदा धावत खिडकीशी गेली. खाली उकिरड्याभोवती कोंबड्या झोकांड्या खात होत्या.

"मी माहेरी जाते, सासूबाई," ती हुंदका देत म्हणाली.

"जा, आणि तिथली पिंपं घास! आधी शाल घे. रस उद्यापर्यंत थांबायचा नाही. आपली आई आता एकाच घरी आहे."

"कुणाच्या?"

"चोरटीच्या."

चोरटी कोण ते झेलिंदाला आल्या दिवसापासून ठाऊक होतं. सासूची नणंद ओत्ताविना समोरच्या टेकडीवर नांदायला गेली, तेव्हा तिने लग्नाच्या चादरींत आईची एक बाटली दडवून नेली होती. तेव्हापासून चर्चच्या दारात सासू आणि ती समोरासमोर आल्या की फक्त हनुवटी उडवून तोंड फिरवायच्या.

ओत्ताविना अंगणात बसून वेली बांधायच्या वाळुंजाच्या काड्या निवडत होती. दोघींना चढण चढताना पाहून ती उठली नाही. त्या टेकड्यांवरच्या बायांना टोमणासुद्धा गाऊनच मारायची सवय. तिने गळा काढला:

"फूल गं द्राक्षीचं, कुणाला दिसेना,
चोराच्या दारी आज साव का बसेना!"

आर्जिया बसली. ओत्ताविनाची नजर झेलिंदाच्या हातांवर गेली. घासून घासून ते लालभडक झाले होते.

"धुतलीस?"

"धुतली," झेलिंदा पुटपुटली.

ओत्ताविना अशी हसली की मांडीवरच्या काड्या अंगणभर झाल्या. "बंदरावरची सून आणलीस ना वहिनी! मग घर स्वच्छच होणार!"

ती आत गेली आणि फडक्याने तोंड बांधलेली बरणी घेऊन आली. पुढे केली, पण सोडली नाही.

"आधी सांग. हिला काय म्हणायचं? चोरीचा माल?"

आर्जियाने वेलींकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. सुनेच्या लाल हातांकडे पाहिलं.

"चोरी कुठली, वन्सं? सांभाळायला नेली होतीत तुम्ही."

"अस्सं! मग न्यायला फार उशीर केलास गं," ओत्ताविना म्हणाली आणि बरणी झेलिंदाच्या कुशीत दिली. "सांभाळून ने. आणि न्हाऊ घालू नकोस तिला!"

उतरताना झेलिंदाने बरणी शालीत घट्ट गुंडाळून छातीशी धरली होती. पुढे आर्जिया वाटेवरचे खडे पायाने बाजूला सारत चालली होती.

माळ्यावर दोघींनी प्रत्येक पिंपात थोडी थोडी आई घातली. मग वर रस ओतला. बरणीच्या तळाशी जरा उरली, तीही खरवडायला झेलिंदाने हात घातला. आर्जियाने तिचं मनगट धरलं. उरलेलं तिने एका छोट्या बाटलीत ओतलं, बूच बसवलं आणि बाटली खिडकीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवून दिली.

"अहो, तिथे नको. कुणीही उचलून नेईल."

"न्यावीच," आर्जिया म्हणाली. "तुझी लेक सासरी निघेल, तेव्हा तिला शोधत बसायला लागू नये."