टॅपली रस्ता

हवाई दलाचा तळ बंद झाला आणि तिथल्या क्वार्टर्सचंच आमचं एवढंसं गाव झालं. जुन्या धावपट्टीवर नवी घरं उठली, तेव्हा ग्वेनने गावच्या सभेत हट्टच धरला, की तिथल्या रस्त्याला तिच्या वडिलांचं नाव द्यायचं. लेनर्ड टॅपली इथूनच उडाले होते आणि त्यांचं विमान समुद्रात पडलं, त्याला आता चाळीस वर्षं झाली.

"अगं, तू नसतं म्हटलंस तरी तेच देणार होतो. बस आता खाली," अध्यक्ष म्हणाले.

पाटीवरचा पडदा काढायचा मान ग्वेनच्या आईला, म्यूरिएलबाईंना दिला. हल्ली त्यांना मागचं काही आठवत नसे. रोज संध्याकाळी त्या विचारायच्या, "लेनर्ड उतरला का गं?" आणि ग्वेन सांगायची, "येतील बाबा. आज जरा उशीर आहे."

म्यूरिएलबाईंनी दोरी ओढली, आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी पाटी सावकाश वाचली आणि लेकीचा हात घट्ट धरला.



"गेलेल्या माणसांचीच नावं देतात ना गं रस्त्यांना?"