मूळपुरुष

टाउन हॉलच्या जिन्यावर शहर वसवणाऱ्या दाढीवाल्यांची तैलचित्रं ओळीने लावली होती. पुण्याहून विलायतेत आलेले मुरलीधरआबा प्रत्येकापुढे थांबत होते. इथेच जन्मलेली नात, वरदा, त्यांना माहिती देत होती. आबांची मोठी बहीण सुप्रभाताई काठी टेकत मागून हळूहळू येत होती.

"ह्या थॅकवुडने सगळ्या शहरात पाणी आणला. ह्या ॲम्बलरने मिलच्या लोकांसाठी हॉस्पिटल बांधली."

"पाणी आणलं. हॉस्पिटल बांधलं," आबा सवयीने सुधारत होते, पण हात आपोआप जोडले गेले होते. "काय घराणी आहेत एकेक. माणसं जाऊन शंभरावर वर्षं झाली, पण लोक अजून त्यांच्या नळाचं पाणी पितायत."

मग त्यांनी नातीची परीक्षा घेतली. "आणि तुमच्या इथल्या घराण्याचा मूळपुरुष कोण?"

"मूळपुरुष म्हणजे?"

"ज्याच्यापासून घराणं सुरू होतं, तो."

वरदाने क्षणभर विचार केला. "आपला मूळपुरुष सेव्हंटी-फोरमध्ये आली. एकटीच. ॲम्बलरच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती. मग तिने बाबाला इथे शिकायला बोलावलं."

"आली नाही गं, आला..." म्हणत आबा वळले आणि थांबले. खालच्या पायरीवर सुप्रभाताई दम खात उभी होती.

"आता काय चुकलं रे पोरीचं?" तिने विचारलं.

आबा दोन पायऱ्या उतरले आणि त्यांनी तिला हात दिला.

"काही नाही, ताई. व्याकरण बरोबर आहे तिचं."