उजव्या दंडावरचा वण

पल्स पोलिओचं ते पहिलंच वर्ष. पेणच्या खाडीकाठच्या एका गावात, शाळेच्या पडवीत डोस चालले होते. मिठागरावर राबणारी मैनाबाई जुळ्या नातींपैकी एकीला डोस पाजून बाहेर सुनेकडे देऊन आली नि दुसरीला कडेवर घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिली.

तिची पाळी आली तेव्हा नर्सबाई हसल्या. "काय मावशी, तीच पोर फिरवून परत आणली नाय ना?"

रांगेतल्या बायकाही खळखळून हसल्या. मैनाबाई मात्र हसली नाही. नातीच्या तोंडात थेंब पडून ती ते गिळेपर्यंत तिने डोळ्याची पापणी हलवली नाही. मग पोरीला खाली ठेवून तिने पोलक्याच्या दोन्ही बाह्या वर सारल्या. दोन्ही दंडांवर देवीच्या लशीचे जुने, रुपयाएवढे वण होते.

"दोन्हीकडं देवी कशा गो काढल्या?" नर्सबाईंनी विचारलं.

"मी नि माझी बहीण रखमा, आमी पण जुळ्याच. देवी काढणारा आला तवा ती तापानं फणफणली होती. आयनं तिला भाताच्या कणगीमागं लपवलं, मला दुसरा परकर नेसवला, टोचलेला डावा दंड झाकला, नि रखमा म्हणून परत त्याच्यापुढं उभी केली."

 

मैनाबाईने उजव्या दंडावरून हलकेच बोट फिरवलं. "त्याच शिमग्याला रखमा देवीनं गेली. हा वण तिचा हाय, बाई. चाळीस वर्सं मी सांभाळत्ये."