एका मुलीचा वर्गफोटो

माणसं सहा आणि खुर्च्या सात.

फोटोकाकांनी पुन्हा एकदा मोजलं आणि कपाळावर हात मारला. "काय गं, सात खुर्च्या लावा म्हणालीस ना? माणसं तर सहाच आहेत. घरच्या शाळेत बेरीज शिकवत नाहीत वाटतं?"

समोरची दहा वर्षांची मुलगी नुसती हसली. "असू द्या ना काका, सातच."

काका सकाळपासून धुसफुसत होते. तीस वर्षं त्यांनी आसपासच्या यच्चयावत शाळांचे वर्गफोटो काढले होते. त्याची रीत ठरलेली. मधोमध एक खुर्ची, तिच्यात बाई नाहीतर सर, आणि भोवती चाळीस पोरं. इथे सगळाच उलटा कारभार! पोर एक आणि शिकवणारे सहा. तेही कोण? आई, बाबा, हाताला पीठ तसंच घेऊन आलेल्या बेकरीवाल्या मावशी, कानावर पेन्सिल खोचलेले सुतारकाका, ड्यूटीवरून थेट आलेली नर्सताई आणि पोस्टातून रिटायर झालेले आजोबा. अपूर्णांक म्हणे मावशींच्या भट्टीपाशी शिकायचे, भूमिती सुतारकाकांकडे फळ्या मापताना. ही काय शाळा झाली? ना घंटा, ना गणवेश!

मुलीला वर्गफोटो हवा होता, बस्स. बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोराच्या भिंतीवर एकेक होता आणि पोरं तिला चिडवायची, "तुला वर्गच नाही, तर फोटो कुठला?" म्हणून सोमवारी ती एकटीच स्टुडिओत येऊन ऑर्डर देऊन गेली. गेली कसली, तासभर हललीच नाही. हे भिंग कशाला, ते बटण कशाचं, आतलं उलटं चित्र सुलटं कसं होतं? पिच्छा सुटावा म्हणून काकांनी कॅमेरा तिच्या हातात देऊन सगळं सांगून टाकलं होतं.

आता ते तिच्या बाबांवर घसरले. "तुम्ही शिकलेली माणसं, आणि पोरीला शाळेत घालत नाही? शाळा सुटली की काय होतं ते मला विचारा. पाचवीत होतो. वडील अंथरुणाला खिळले आणि मी या कॅमेऱ्यामागे उभा राहिलो, तो आजतागायत. हजारो वर्गफोटो काढले. स्वतः एकातही नाही."

सुतारकाकांनी उगाच कानावरची पेन्सिल सारखी केली. बोलून गेल्यावर फोटोकाकांनाच कसंसं झालं. एवढं त्यांनी कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"बरं, बसा बसा, उशीर होतोय," ते घाईघाईने म्हणाले.

सहाही जण बसले. मुलगी पुढे जमिनीवर मांडी घालून बसली. कडेची खुर्ची तेवढी रिकामी, पडलेल्या दाताच्या जागेसारखी दिसत होती. काका ती उचलायला गेले, तशी मुलगी टुणकन उठली आणि खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली.

"ही नाही न्यायची."

"अगं, पण हिच्यात बसणार कोण?"

"तुम्ही. सोमवारी कॅमेरा कुणी शिकवला मला? मग झाले की नाही सात? मोजा."

काकांनी खरंच मोजलं, ओठ हलवत. बेरीज बरोबर होती.

"आणि फोटो कोण काढणार, तुझा—"

"दहा सेकंदांचं बटण! तुम्हीच तर दाखवलंत." ती कॅमेऱ्याकडे पळालीसुद्धा.

बेकरीवाल्या मावशींनी काकांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "बसा हो सर, पोर खोळंबलीय."

सर! काकांनी खिशातला रुमाल चाचपला. मुलीने बटण दाबलं, धावत येऊन मांडी ठोकली आणि ओरडली, "कुणी हलू नका!"

फोटो झकास आलाय. मुलीच्या भिंतीवर आहे आणि स्टुडिओच्या काचेतही, सगळ्यात पुढे. तीस वर्षं दुसऱ्यांना 'हलू नका' म्हणत आलेला माणूस तेवढा त्यात हललेला दिसतो, रुमाल डोळ्यांकडे नेताना.